एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये बसवायची आहे? आधी डब्यातला दुभाषी ओळखा

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारचे काका दारात उभे राहिले. एका हातात एक्स्टर्नल हार्ड डिस्क, दुसऱ्या हातात तिचा अडॅप्टर.

"अरे, सकाळपासून लाईट तीनदा आली-गेली. तेव्हापासून हिचा दिवाच लागत नाही. बारा वर्षांचे फोटो आहेत हिच्यात."

मी अडॅप्टर नाकाशी नेला. जळकट वास. म्हणजे डिस्क वाचली असण्याची शक्यता बरीच होती. काकांनीच उपाय सुचवला, "मग आतली डिस्क काढ आणि माझ्या कॉम्प्युटरमध्येच बसवून टाक. तिथे कुठे अडॅप्टर लागतोय?"

म्हणणं पटण्यासारखं होतं. आम्ही डबा उघडला, डिस्क काढली, कॅबिनेटमध्ये, म्हणजे घरोघरी ज्याला सीपीयू म्हणतात त्या अख्ख्या डब्यात, लावली आणि कॉम्प्युटर सुरू केला. डिस्क ४ टीबीची होती. विंडोजने तिच्यावर ४६५ जीबीचा एकच भाग दाखवला, तोही न वाचता येणारा, आणि वर अदबीने विचारलं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

काका खुर्चीत बसले. मी 'कॅन्सल'वर क्लिक केलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

तो ४६५चा आकडा कुठून आला, हे समजलं की या कामातला अवघड भाग समजला. बाकी उरतं ते चार स्क्रू आणि दोन केबली, त्याला पंधरा मिनिटं पुरतात.

डब्यात असतं काय?

बाजारात एक्स्टर्नल म्हणून मिळणारी मोठी डिस्क ही काही वेगळ्या जातीची डिस्क नसते. दुकानात सुटी मिळते तशीच ३.५ इंची डिस्क प्लॅस्टिकच्या डब्यात घातलेली असते. तिच्या पाठीला दोन खाचा असतात: ७ पिनांची छोटी खाच डेटासाठी, १५ पिनांची लांब खाच विजेसाठी. या जोडणीला साटा म्हणतात. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरही (कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर) साटाचीच तोंडं असतात, त्यामुळे आत लावलेली डिस्क आणि मदरबोर्ड एकमेकांशी थेट बोलतात.

बाहेरच्या डिस्कला मात्र यूएसबीतून बोलावं लागतं आणि डिस्कला यूएसबी येत नाही. म्हणून डब्यात आगपेटीएवढी एक हिरवी किंवा निळी सर्किटची पाटी असते. एका बाजूने तिला साटा जोडलेलं, दुसऱ्या बाजूने यूएसबी. कॉम्प्युटर यूएसबीत जे मागतो ते ती डिस्कला साटात सांगते, आणि उत्तर उलट फिरवून देते. कारागीर तिला ब्रिज म्हणतात. मी तिला दुभाषी म्हणतो, कारण तिचे गुणदोष दुभाष्याचेच आहेत. प्रामाणिक दुभाषी मधून काढून टाकला तर काही अडत नाही, दोघं थेट बोलू लागतात. पण इतके दिवस तो स्वतःच्या मनाने काही बदलून सांगत असला, तर तो गेल्यावर दोघांना एकमेकांचं काही कळेनासं होतं. काकांच्या डिस्कचं हेच झालं होतं.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासून घ्यायची: दुभाषी वेगळा काढता येतो का? डिस्कला भिंतीत लावायचा स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल, तर आत ३.५ इंची साटा डिस्क आहे असं धरून चालायला हरकत नाही. खिशात मावणारी, एकाच यूएसबी केबलीवर चालणारी डिस्क असेल तर थांबा. ती २.५ इंची असते आणि त्यातल्या अनेकांमध्ये साटाची खाचच नसते. कंपनी यूएसबीचं तोंड सरळ डिस्कच्या पाटीवरच सोल्डर करून टाकते. दुभाषी आणि डिस्क यांची एकच पाटी. अशी डिस्क कॅबिनेटमध्ये लावायची सोय नाही.

हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी बहिणीची १ टीबीची डिस्क मी मोठ्या आत्मविश्वासाने उघडली. सुरी घालून कड उचकटली, दोन खटके तुटले, झाकण निघालं, आणि आत बघतो तर साटाच्या जागी काहीच नाही. फक्त पाटीच्या कडेला तेच यूएसबीचं चपटं तोंड. गुपचूप झाकण लावलं. तुटलेल्या खटक्यांमुळे ते बसेना, म्हणून वरून दोन रबरबँड चढवले. डिस्क अजून व्यवस्थित चालते. रबरबँड सुकून तुटले की बहीण नवे मागायला मला फोन करते.

उघडण्याआधी आत काय आहे ते बरेचदा कळू शकतं. क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर डिस्क यूएसबीला लावलेली असतानाच आतल्या डिस्कचा मॉडेल क्रमांक दाखवतं. तो क्रमांक इंटरनेटवर शोधला की ती साटाची आहे का ते समजतं. दोन मिनिटांचं काम. मी तेव्हा ते केलं नव्हतं.

चाळीतल्या खोल्या आणि मजले

आता त्या ४६५कडे येऊ.

डिस्कवर डेटा ठेवण्याची जागा छोट्या छोट्या कप्प्यांत वाटलेली असते. कप्प्याला सेक्टर म्हणतात आणि परंपरेने एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. डिस्कच्या सुरुवातीलाच एक यादी असते: अमुक भाग या क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतो आणि इतके सेक्टर लांब आहे. विंडोज आधी ती यादी वाचतं आणि मग त्या पत्त्यावर जातं.

यादीच्या जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. तिच्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. म्हणजे साधारण ४२९ कोटी सेक्टर झाले की आकडे संपले. ४२९ कोटींना ५१२ने गुणलं की सुमारे २.२ टीबी होतात. डिस्का त्याहून मोठ्या निघू लागल्या, तेव्हा घरोघरी अजून विंडोज एक्सपी होतं आणि यादीची नवी पद्धत, जीपीटी, घरगुती एक्सपीला कळत नव्हती. ३ टीबीची डिस्क विकायची तर ती एक्सपीवर चालली पाहिजे. मग काही कंपन्यांनी दुभाष्याला एक युक्ती शिकवली: आठ-आठ सेक्टरांचा गठ्ठा कर आणि कॉम्प्युटरला सांग की माझ्याकडे एकेक सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. कप्पा आठपट मोठा झाला, तेवढ्याच आकड्यांत १७ टीबीच्या पुढपर्यंत मजल गेली.

एक चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या. दुभाषी मजले मोजतो, मदरबोर्ड खोल्या मोजतो. यादीत लिहिलंय की बिऱ्हाड २५६ नंबरपासून सुरू होतं. दुभाष्याच्या हिशेबात तो २५६वा मजला. मदरबोर्ड जातो २५६ नंबरच्या खोलीवर, म्हणजे ३२व्या मजल्याशी, आणि दार वाजवतो. तिथे भलतंच काहीतरी असतं. शिवाय बिऱ्हाड किती मोठं तेही यादीत मजल्यांमध्येच लिहिलेलं. तेवढ्याच खोल्या मोजल्या की हाती लागतो बरोबर एक अष्टमांश.

४ टीबी म्हणजे ४,००० जीबी. त्याचा आठवा भाग ५००. विंडोज १,०००च्या ऐवजी १,०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे ५००चे दिसतात ४६५. (नवी कोरी ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते तीही याच हिशेबाने. दुकानदाराने फसवलेलं नसतं.)

म्हणजे काकांचा एकही फोटो हरवला नव्हता. सगळे आपापल्या खोल्यांत जिथल्या तिथे होते. चुकला होता फक्त पत्ता. त्या क्षणी फॉरमॅटला 'हो' म्हटलं असतं, तर चुकीच्या पत्त्यावर नव्याने लिखाण झालं असतं आणि मग मात्र डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊन हजारो रुपये मोजावे लागले असते.

तुमच्या डिस्कचा दुभाषी मजले मोजतो की खोल्या, हे डबा उघडण्याआधी पाहता येतं. विंडोजच्या शोधपट्टीत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' शोधा, त्यात कंपोनंट्स, मग स्टोरेज, मग डिस्क्स. तुमच्या डिस्कपुढे 'बाइट्स पर सेक्टर' म्हणून आकडा असतो. ५१२ असेल तर डिस्क बहुधा जशीच्या तशी आत वाचली जाईल. ४०९६ असेल तर आधी डेटा दुसरीकडे हलवायचा, नंतर डबा उघडायचा.

दुभाष्याची दुसरी खोड याहून वाईट. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक मालिकेतल्या काही मॉडेलांमध्ये ही पाटी तिच्यातून जाणारा प्रत्येक बाइट एईएस पद्धतीने कुलूपबंद करूनच डिस्कवर लिहिते. तुम्ही पासवर्ड कधी ठेवलेला नसला तरीही. पाटी मधे असेपर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही, कारण वाचताना तीच कुलूप उघडते. डिस्क सुटी करून साटावर लावली की तिच्यावर निव्वळ अर्थहीन अक्षरांचा चिखल दिसतो आणि विंडोज म्हणतं, ही डिस्क 'इनिशिअलाइज' केलेली नाही. इथे पत्ता चुकण्याचा प्रश्नच नाही, भाषाच परकी. म्हणून कुठल्याही डिस्कच्या बाबतीत माझा शिरस्ता ठरलेला आहे: डेटा बाहेर काढल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि डबा उघडावाच लागला तर ती पाटी कचऱ्यात टाकायची नाही.

मग हा खटाटोप करायचा कशाला?

वेग वाढेल म्हणून करत असाल, तर थोडं थांबा. डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचलं जातं. यूएसबी ३.०ची वाट याहून कितीतरी रुंद आहे. त्यामुळे निळ्या यूएसबी पोर्टला लावलेली डिस्क आत बसवून वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. जुन्या यूएसबी २.०वर असाल तर गोष्ट वेगळी. तिथे सेकंदाला पस्तीस एमबीच्या आसपास गाडी अडते. १ टीबी डेटा हलवायला आठ तास लागतात, आत बसवल्यावर तेच काम दोन तासांच्या आत होतं.

खरा फायदा वेगळाच. टेबलावरची डिस्क धक्क्याने पडते, केबल कुणाच्या तरी पायात येते, एक्स्टेंशन बोर्डावर एक अडॅप्टर वाढतो. यूएसबीचं ते चपटं तोंड वर्षा-दोन वर्षांत सैल होतं आणि कॉपी अर्ध्यात तुटते. आत स्क्रूने बसलेल्या डिस्कला यातलं काही नाही.

पैशाचं कारणही आहे, आणि त्याला एक मोठा प्रसंग जोडलेला आहे. २०११च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कांचा मोठा वाटा तिथल्या कारखान्यांत तयार व्हायचा. त्यातले काही पाण्याखाली गेले आणि सुट्या डिस्कांचे भाव भडकले. अमेरिकेतल्या बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप देणाऱ्या कंपनीला तर रोज नव्या डिस्का लागत. तिच्या लोकांनी, मित्रांनी आणि घरच्यांनी मॉलसारख्या मोठ्या दुकानांमधून घरगुती एक्स्टर्नल डिस्का उचलायला सुरुवात केली, कारण त्या सुट्या डिस्कांपेक्षा स्वस्त पडत होत्या. दुकानांनी ग्राहकामागे मोजकेच नग द्यायला सुरुवात केली, तर ही मंडळी एका दुकानातून दुसऱ्यात जायची. मग ऑफिसात बसून डबे उघडायचे आणि आतल्या डिस्का सर्व्हरमध्ये बसवायच्या. इंग्रजीत या उद्योगाला मक्याची कणसं किंवा कालवं सोलण्याचा शब्द आहे. आपल्याकडेही 'सोलणं' अगदी चपखल बसतं. टरफल बाजूला, दाणा आत.

भावातला तो उलटा फरक मोठ्या डिस्कांत अजूनही अधूनमधून दिसतो. पण हिशेब करताना वॉरंटी धरा. डबा उघडला की वॉरंटी गेली असंच समजायचं. आतल्या डिस्कचा क्रमांक कंपनीकडे सुटी डिस्क म्हणून नोंदलेला नसतो. शिवाय आत नेमकं कुठलं मॉडेल निघेल याची खात्री कुणी देत नाही.

आणि एका परिस्थितीत मी हे काम करायला सरळ नकार देतो. ही डिस्क तुमचा एकमेव बॅकअप असेल, तर ती आत बसवल्याबरोबर तो बॅकअप राहत नाही. ज्या मशीनमधल्या डेटाची ती प्रत आहे त्याच मशीनमध्ये ती गेली. एकच एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बिघडला किंवा एकच व्हायरस शिरला की दोन्ही प्रती एकदम जातात.

आता स्क्रू-ड्रायव्हर घ्या

डबा उघडण्यासाठी सुरी नको. माझी चूक तुम्ही करू नका. बहुतेक डब्यांना स्क्रू नसतात, आतून प्लॅस्टिकचे खटके असतात. मुदत संपलेली दोन-तीन एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड फटीत घालून सरकवत न्या, खटका सुटल्याचा 'कट्' आवाज आला की तिथे ते तसंच ठेवून पुढचं कार्ड घ्या. पहिला खटका सुटायला वेळ लागतो, बाकीचे पटापट सुटतात. आत डिस्क रबरी ठोकळ्यांवर बसवलेली असते, ती उचलून निघते. पाटी एक-दोन स्क्रूंनी लावलेली असते. स्क्रू काढून ती डिस्कच्या पाठीपासून सरळ रेषेत ओढायची. वाकडी ओढली तर साटाच्या खाचेची पातळ जीभ मोडते.

इथे एक सांगून ठेवतो, कारण एकाने मला खरंच विचारलं होतं. उघडायचा तो प्लॅस्टिकचा डबा. आतल्या धातूच्या डिस्कचं झाकण उघडायचं नाही. तबकडी आणि तिच्यावरून फिरणारं टोक यांच्यामधलं अंतर काही नॅनोमीटरचं असतं. धुळीचा कण त्यापुढे डोंगर ठरतो. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कांत तर हवेऐवजी हेलियम भरलेला असतो, तो निघून गेला की डिस्क संपली.

मग कॅबिनेट. कॉम्प्युटर बंद करा, पाठीमागच्या एसएमपीएसचं बटण बंद करा, वायर काढा आणि पुढचं सुरू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा स्पर्श करा. थंडीत, अंगात स्वेटर असताना तर नक्कीच.

डिस्कचा कप्पा पुढच्या बाजूला किंवा नव्या कॅबिनेटांत एसएमपीएसच्या शेजारी खाली दडलेला असतो. डिस्क आडवी किंवा कडेवर उभी चालते. चारही स्क्रू लावा. दोनच लावले तर डिस्क घरघरते आणि काही दिवसांनी तुम्ही पंख्याला दोष देता. ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात. बारीक आट्यांचा स्क्रू जबरदस्तीने पिळला की आटे जातात.

केबली दोन. डेटाची चपटी केबल डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत, विजेची रुंद केबल एसएमपीएसकडून. दोन्हींच्या टोकाला इंग्रजी एल आकाराची खाच असते, त्यामुळे उलट्या बसतच नाहीत, अर्थात ताकद लावली नाही तर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला डेटा केबल अगदी किरकोळ पैशांत मिळते. तिथे दोन घेऊन ठेवा, कारण डिस्क मधूनच गायब होते या तक्रारीत बरेचदा दोष केबलीचा निघतो.

विजेच्या केबलीत मात्र काटकसर नको. एसएमपीएस सुट्या केबलींचा असेल, तर त्याच्याच खोक्यातली केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल तोंडात अगदी छान बसते, पण एसएमपीएसच्या बाजूला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क एका क्षणात जाते. हाच नियम अडॅप्टरलाही: डब्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर हवा असताना लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर बसतोय म्हणून लावून पाहायचा नाही.

डिस्क मेलेली वाटते, पण मेलेली नसते

सगळं नीट लावलंय, पण डिस्क फिरतच नाही. हात लावला तर थरथर नाही, आवाज नाही. परत डब्यातल्या पाटीला लावली की मजेत चालते. हा प्रकार मोठ्या क्षमतेच्या, विशेषतः पांढरं लेबल लावलेल्या डिस्कांमध्ये आढळतो आणि कारण कळेपर्यंत माणूस वेडा होतो.

साटाच्या विजेच्या खाचेतल्या पहिल्या तीन पिना पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या. हार्ड डिस्का तो दाब वापरत नसत, त्यामुळे कुणाला काही फरक पडत नव्हता. २०१६मध्ये साटाची ३.३ ही आवृत्ती आली (व्होल्टही ३.३ आणि आवृत्तीही ३.३, हा योगायोग) आणि तिसऱ्या पिनला नवं काम मिळालं. त्या पिनवर वीज आली की डिस्कने बंद व्हायचं. डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्का असतात. एखादी अडकली तर माणूस पाठवण्याऐवजी दुरूनच ती बंद-चालू करता यावी, यासाठी ही सोय. आता घरच्या जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमधून त्या पिनला कायम ३.३ व्होल्ट मिळत राहतात. डिस्कला वाटतं मालक सतत सांगतोय, बंद राहा. ती बिचारी आज्ञाधारकपणे बंद राहते.

उपाय गमतीदार सोपा आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे पिवळसर रंगाचा, उष्णता सहन करणारा कॅप्टॉन टेप असतो. त्याची बारीक पट्टी कापून डिस्कच्या विजेच्या खाचेत, डेटाच्या खाचेकडून मोजायला लागलं की येणाऱ्या तिसऱ्या पिनवर चिकटवायची. एकच पिन झाकणं जमत नसेल तर पहिल्या तिन्ही झाकल्या तरी चालतं. साधा सेलोटेप वापरू नका, उष्णतेने तो सरकतो. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स केबलीवरून साटा बनवणारा जोड लावला तरी काम होतं, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच. पण स्वस्तातले, प्लॅस्टिकमध्ये ओतून बनवलेले असे जोड आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. माझी पसंती टेपला.

डिस्क फिरतेय पण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दिसत नाही, असं असेल तर मदरबोर्डची पुस्तिका काढा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ची एसएसडी (मदरबोर्डवरच थेट बसणारी, तबकडी नसलेली डिस्क) लावली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. केबल शेजारच्या पोर्टला लावून पाहा.

आणि कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस' मिळत नाही अशी ओळ येत असेल, तर घाबरू नका. तो नव्या डिस्कवर विंडोज शोधत बसला असेल. बायॉसमध्ये जाऊन विंडोज असलेली जुनी डिस्क सुरू होण्याच्या क्रमात पहिली आणा.

विंडोजमध्ये

डिस्क रिकामी करूनच आत आणली असेल तर पुढचं सोपं आहे. स्टार्टवर उजवं क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. जुने भाग उडवा, यादीची पद्धत जीपीटी निवडा, एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइली ठेवण्याच्या पद्धतीत) नवा भाग बनवा, अक्षर द्या. झालं. डेटासकट आणली असेल आणि सगळं दिसत असेल तरी काही फोल्डर 'परवानगी नाही' म्हणतील. ते जुन्या मशीनवरच्या तुमच्या खात्याच्या नावावर असतात. फोल्डरच्या सिक्युरिटीत जाऊन मालकी आपल्याकडे घ्यायची.

भरवसा ठेवण्याआधी क्रिस्टल-डिस्क-इन्फो पुन्हा एकदा उघडा. ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे शून्य हवेत. पहिला आकडा आधीच बाद करून बदललेल्या सेक्टरांचा, दुसरा संशयितांचा. ते वाढत असतील तर डिस्क चालतेय तोवर डेटा काढून घ्या. सी७ वाढत असेल तर डिस्कला बोल लावू नका, डेटाची केबल बदला.

काकांचे फोटो

त्या दुपारी आम्ही डिस्क पुन्हा बाहेर काढली. तिची पाटी मी टेबलावरच ठेवली होती. संध्याकाळी काका १२ व्होल्ट, २ अँपियरचा नवा अडॅप्टर घेऊन आले. मी जुन्या अडॅप्टरवरचं ध्रुवतेचं (प्लस-मायनसचं) चिन्ह नव्याशी दोनदा ताडून पाहिलं, मग पाटी डिस्कला लावली आणि यूएसबी माझ्या लॅपटॉपला जोडली. डबा नाही, नुसती डिस्क वर्तमानपत्रावर आडवी. ती फिरू लागली, दिवा लागला आणि विंडोजने ३.६३ टीबी दाखवले. पहिलंच फोल्डर होतं '२०१२ गणपती'.

काकांना त्याच रात्री सगळं कॅबिनेटमध्ये हवं होतं. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी डिस्क आणली, तिच्यावर सगळे फोटो कॉपी केले, मोजून पाहिले आणि मगच जुनी साफ करून जीपीटीने आत बसवली. आता फोटो दोन ठिकाणी आहेत: एक प्रत कॅबिनेटमध्ये, एक कपाटात.

उरलेली पाटी आणि अडॅप्टर काकांनी लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घातले आणि पाकीट कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवणार होते. कागद पंख्यात जाईल म्हणून मी ते कपाटात ठेवायला लावलं. पाकिटावर त्यांनी शाईच्या पेनने लिहिलंय: 'दुभाषी. टाकू नये.'